रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते आधी त्या आईला वाचून दाखव

पत्र (नाव-गाव काढून, थोडं लहान करून):

ताई, मी पुण्यात एका संस्थेत फिल्डवर्कर आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एमए) होऊन वर्ष झालं. ज्या घरात दारू, मारहाण आहे किंवा मुलं शाळेतून सुटायच्या बेतात आहेत, तिथे आम्ही घरी जाऊन समुपदेशन करतो. एका घरी मी चार महिने जात होते. आई धुणीभांडी करते, बाबा बिगारी काम करतात आणि पितात. थोरली तेरा वर्षांची आहे, तिच्या खाली एक भाऊ आणि एक दोन वर्षांचं बाळ. बाळाला सांभाळायचं म्हणून थोरली शाळेत जात नाही, मी आईला शिक्षणाचं महत्त्व पटवून देतेय. आई माझ्याशी खूप मोकळेपणाने बोलायची, जेवल्याशिवाय सोडायची नाही. मी मारहाणीसकट सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं, मॅडमनी ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवलं आणि तिथून एक जण चौकशीला घरी आले. तेव्हापासून दार बंद. थोरली आतून सांगते, आई घरात नाहीये. शेजारच्या बायका म्हणतात, आली बघा पोरं उचलून नेणारी. मी विश्वासघात केला का? परत जाऊ, का केस दुसऱ्या कोणाला देऊ? रात्री झोप लागत नाही.

उत्तर:

आधी तुझी झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. रिपोर्ट दिलास ते बरोबरच केलंस. मुलांसमोर मारहाण होतीये, तेरा वर्षांची पोर घरी बसलीये, हे चार महिने माहीत असून तू वहीत दाबून ठेवलं असतंस आणि उद्या काही झालं असतं, तर त्या आईला काय तोंड दाखवलं असतंस? म्हणजे लिहिण्यात चूक नाही, कळवण्यातही नाही. चूक एकाच ठिकाणी झाली. तू काय लिहिलंस हे त्या बाईला तुझ्या तोंडून कळलं नाही, ते कळलं फाईल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाकडून, तेही आजूबाजूची चार दारं उघडी असताना. तिला काय वाटलं असेल बघ, हिला मी घरचं समजून जेवायला वाढलं आणि हिने आमच्या घरातलं सरकारला सांगितलं. तिच्या जागी कोणीही असतं तरी दार लावून घेतलं असतं.

घरी जाऊन काम करताना आपण एकाच वेळी दोन माणसं असतो, आणि हे बरेच जण कॉलेजातून बाहेर पडताना नीट समजून घेत नाहीत. एक, मदतीला आलेली ताई. दुसरी, मुलांवर लक्ष ठेवणारी, गरज पडली तर वर कळवणारी बाई. यातली दुसरी लपवली की पहिलीवरचा विश्वासही खोटाच उभा राहतो. चांगलं बोलतात, चहा देतात, आपल्याला वाटतं रॅपो जमला, जवळीक झाली, पण त्यांना आपली अर्धीच ओळख झालेली असते. म्हणून हे पहिल्या-दुसऱ्या भेटीतच साध्या शब्दात बोलून टाकायचं. 'वहिनी, तुम्ही सांगाल ते मी वस्तीत कुठे बोलणार नाही, पण मुलांच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर ते मला ऑफिसात सांगावं लागतं, आणि सांगायच्या आधी मी तुम्हाला सांगेन.' एवढंच. पहिल्या दिवशी हे ऐकून काही बाया गप्प होतात, महिनाभर फक्त हवापाण्याचंच बोलतात. होऊ दे. नंतर जे बोलतात ते समजून उमजून बोलतात, आणि त्याचीच किंमत असते.

तेव्हा केस दुसरीला देऊ नको, निदान आत्ता तरी नको. तू गेलीस तर त्या घराने यातून हेच शिकायचं की ही लोकं येतात, गोड बोलतात, आपलं काढून घेतात आणि गायब होतात. पुढच्या ताईला तर तेही दार उघडणार नाही.

आता परत कसं जायचं. पुन्हा पुन्हा कडी वाजवू नको. एक तर त्या पोरीला दर वेळी दाराआडून खोटं बोलायला लागतंय, आणि ते तिच्यावर आपल्यामुळे आलंय. तिला दारातून काही विचारू पण नको, 'आई कुठे गेली, कधी येते, बाबा काल आले होते का' असलं तर अजिबात नाही, पोरीकडून घरातलं काढून घेणं म्हणजे आईच्या नजरेतून अजून उतरणं. फोनवर मेसेज टाकायचा मोह होईल, तोही टाळ, मोबाईल घरात एकच असतो आणि तो नवऱ्याच्या हातात पण जातो. त्यापेक्षा वस्तीत तिचा जिच्यावर भरवसा आहे अशी बाई शोध, बहुतेक वेळा ती अंगणवाडी सेविका नाहीतर आशाताई असते. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई घरी येऊन बाळ बघून जाते, वजन करते, त्यामुळे तिचं येणं लोकांना खुपत नाही. तिला सगळं प्रकरण सांगायचं नाही हां, फक्त निरोप द्यायचा की 'ताईला तुम्हाला भेटून एक गोष्ट सांगायचीये, तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तेव्हा.' जागा आणि वेळ त्या आईला ठरवू दे. कामावरून येताना बसस्टॉपवर म्हणाली तर बसस्टॉपवर.

वेळेचं पण भान ठेव. सकाळी नळाला पाणी असतं तेव्हा नाही, तेव्हा देव आला तरी बाईला वेळ नसतो. संध्याकाळी नाही, त्यातून बिगाऱ्यांची खर्ची, म्हणजे हातखर्चाचे पैसे, मिळतात त्या संध्याकाळी तर मुळीच नाही, कारण त्या रात्री घरात काय होईल ते सगळ्या वस्तीला माहीत असतं आणि तू येऊन गेल्याचं निमित्त तिच्या अंगावर निघू शकतं. बहुतेक बायांची सकाळची कामं उरकून दुपारच्या कामावर जायच्या आधी तासभर मिळतो, तो बरा.

भेटली की काय बोलायचं? सफाई देत बसू नको, नियम, मॅडम, प्रोसिजर यातलं काही काढू नको. 'मी लिहिलेलं तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही, ते माझं चुकलं. काय लिहिलंय ते आज वाचून दाखवते.' आणि खरंच वाचून दाखव, तिच्याबद्दल आणि तिच्या घराबद्दल तू लिहिलेलं सगळं, शब्द न् शब्द. त्यासाठी आधी मॅडमची परवानगी घे, त्या नाही म्हणाल्या तर त्यांच्याशी भांड, पण वाचून दाखव.

हे मी उगाच सांगत नाही. मी नवीन होते तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीसोबत एका घरी गेले होते, तिथेही असंच बिनसलेलं. तिने रजिस्टर काढलं आणि जमिनीवर मांडी घालून त्या बाईला हळूहळू वाचून दाखवायला लागली. बाई निरक्षर, हात भिंतीला टेकवून उभीच होती, बसायला तयार नव्हती. वाचता वाचता 'नवऱ्याने दोनदा मारले' असं आलं तशी ती म्हणाली, 'दोनदा नाही, एकदाच, दुसऱ्यांदा भांडं फेकलं ते मला लागलं नाही, पण गरम चहा बारक्याच्या पायावर उडाला, ते का नाही लिहिलं?' आणि खाली बसली. बारक्याला जवळ ओढून त्याच्या पायावरचा भाजल्याचा डाग दाखवला. आम्हाला त्या चहाचं काही माहीतच नव्हतं. तिने सांगितलं तसं खोडून परत लिहिलं, तिने अंगठा दिला. त्या दिवसापासून ते रजिस्टर तिचं झालं, पुढच्या खेपेला आम्ही गेलो की तीच विचारायची, आज काय लिहिणार?

आता शेजारणी जे म्हणतात त्याबद्दल. पोरं उचलून नेणारी. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नको, ही भीती हवेतून आलेली नाही. स्टेशनवरून, सिग्नलवरून उचललेली मुलं निरीक्षणगृहात गेलेली वस्तीतल्या लोकांनी पाहिलीयेत, आई-बाप दिवसभर ऑफिसच्या बाहेर ताटकळलेले पाहिलेत, लोक अजून त्याला रिमांड होमच म्हणतात आणि पोरांना त्याच्याच नावाने भीती घालतात. तेव्हा 'असं काही होत नाही हो' असं तिला सांगू नको, तिला ते खोटं वाटेल आणि ते पूर्ण खरंही नाही. जे खरं आहे ते सांग. बाल न्याय कायदा, 2015 चा, त्यात तत्त्वच असं घातलंय की मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. तुझ्या मॅडमला किंवा तुला मूल घरातून काढायचा अधिकार नाही, निर्णय बाल कल्याण समिती घेते, तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, मुलाला घराबाहेर काढायची वेळ आलीच तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासात त्यांच्यापुढे न्यावं लागतं आणि ते मुलाचं आणि आई-वडिलांचं ऐकून घेतात. हे तिला सांगितलंस की भीती एकदम जाणार नाही, पण तिला कळेल की मधे बऱ्याच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर तिला बोलता येतं. 'तुमची पोरं कधीच जाणार नाहीत' असं वचन मात्र देऊ नको. ते तुझ्या हातात नाही.

यानंतर लगेच समुपदेशन सुरू करू नको गं, हात जोडून सांगते. तिला आधी काय पाहिजे ते विचार. तुझ्या पत्रात तू थोरलीच्या शाळेबद्दल लिहिलंस, आईला शिक्षणाचं महत्त्व पटवून देतेय असं लिहिलंस. अगं तिला महत्त्व माहितीये. दुसऱ्याच्या घरची भांडी घासताना तिला ते रोज दिसतं. तिची अडचण दोन वर्षांचं बाळ आहे. ती कामावर गेली की ते कोणाकडे ठेवायचं? अंगणवाडीत मुलाला बसवतात ते तीन वर्षांनंतर, आणि तेही काही तास. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, पण तुमच्या भागात ते चालू आहे का ते तू स्वतः जाऊन बघून ये, कागदावर असणं वेगळं. नसेल तर वस्तीत पैसे घेऊन मुलं सांभाळणारी एखादी आजी असतेच, ती किती घेते, भरवते का, हे बघ. मनपाची शाळा दोन शिफ्टमध्ये असेल तर थोरलीची शिफ्ट बदलून आईच्या कामाच्या वेळेशी बसते का ते मुख्याध्यापकांशी बोल. हे एवढं जमलं तर शाळेचा अर्धा प्रश्न एकही लेक्चर न देता सुटतो. पोरीचं नाव पटावरून काढलं असेल तरी घाबरायचं कारण नाही, शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, त्यात वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं आणि वयाचा दाखला नाही, टीसी अजून आला नाही म्हणून नाकारता येत नाही. चौदा पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचं तिचं शिक्षण फुकटच पूर्ण करून द्यायचं असतं. पण ती तेरा वर्षांची आहे, आता वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी शाळेऐवजी स्थळाचं बोलणं निघेल, हे डोक्यात ठेव. तसलं काही कानावर आलं तर थांबायचं नाही.

पैशाचं बोलणं निघेलच. योजना आहेत, पण जपून. आपल्या राज्यात बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या स्पॉन्सरशिपमध्ये 4,000, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, गावात वर्षाला 72,000 आणि इतर ठिकाणी 96,000. पण या योजना मुख्यतः अनाथ, एकल आईची, दुर्धर आजारात सापडलेल्या घरातली, संकटातली मुलं यांच्यासाठी आहेत. बाप जिवंत आहे, कामाला जातो, अशा घराला मिळेलच असं नाही. म्हणून 'मी मिळवून देते' हे तोंडातून काढू नको, 'आपण अर्ज करून बघू, वेळ लागतो, नाही पण होतो' असं म्हण. कितीतरी घरं मी पाहिलीत जी दारूवरून नाही, न मिळालेल्या योजनेवरून कार्यकर्तीवर चिडून बसली. त्यापेक्षा आधी कागद गोळा करायला मदत कर, आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक. ते कुठल्याही योजनेला लागतात, आणि दुसऱ्याही एका कारणासाठी लागतात, ते सांगते.

मारहाण. दहा बाय दहाच्या खोलीत सासू, टीव्ही, पोरं, शेजारीण दारात, यात तू 'ते तुम्हाला मारतात का' हे विचारू नको, मुलांसमोर तर नकोच. तिच्यासोबत भाजी निवडताना, रेशनच्या लायनीत, दवाखान्यात जाताना हे विषय आपोआप निघतात. आणि काही झालं तरी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नको. भांडणं असतील तर जोडप्याचं समुपदेशन ठीक, पण जिथे हात उचलला जातो तिथे बाई तुझ्यासमोर जे खरं बोलेल त्याचा हिशेब रात्री होतो. तिच्याशी वेगळं बोल, त्याच्याशी वेगळं.

तिच्याशी बोलताना 'सोडून का देत नाही' हा प्रश्न नको. तिला कुठे जायचं ते माहीत नाही म्हणून ती राहते, किंवा तिने हिशेब मांडलाय की राहणं कमी धोक्याचं आहे, आणि कधी कधी तो हिशेब बरोबर असतो, घर सोडतानाच जीवावर बेतलेलं असतं असं या कामातल्या कोणालाही विचार. त्यापेक्षा रात्री वाढलं तर काय करायचं ते दोघी मिळून ठरवा. कुठली शेजारीण दार उघडेल. थोरलीने बारक्यांना घेऊन कोणाकडे जायचं, मधे पडायचं नाही हे तिला सांगून ठेवायचं. ते मगाचे कागद एका पिशवीत, झेरॉक्स माहेरी किंवा भरवशाच्या घरी, थोडे पैसे कुठेतरी बाजूला. नंबर, पोलिसांसाठी 112, बायकांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098, पोरीला पाठ असू देत. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे, त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन माहिती नोंदवता येते, त्यासाठी आधी पोलीस केस करायला पाहिजे असं नाही, आणि घर तिच्या नावावर नसलं तरी तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. हे शेवटचं बऱ्याच बायांना माहीत नसतं, 'घर त्यांचं आहे ना' असंच त्या म्हणतात. पोलिसांकडे जायचं धाडस होत नसेल तर महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत 1984 मध्ये सुरू केलेला आणि नंतर राज्यात जिल्ह्याजिल्ह्यात गेलेला, पोलिसांच्याच आवारात बसतात पण बोलायला समाजकार्यकर्त्या असतात.

नवऱ्याबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, पितात. चार महिन्यात त्याच्याशी तू किती बोललीस? बहुतेक घरी जाणाऱ्या ताया नवरा आला की उठतात, आणि मग त्याला वाटतं ही माझ्या मागे बायकोचे कान भरते, जे एका अर्थी खरंच असतं. त्याच्याशी बोलणं तुझ्याने होत नसेल तर संस्थेतल्या एखाद्या पुरुष सहकाऱ्याला घे, सकाळी मजूर अड्ड्यावर जायच्या आधी किंवा सुट्टीच्या दिवशी, प्यायलेला नसताना. मारहाणीवरून सुरुवात नको, कामावरून, पाठीच्या दुखण्यावरून, पोरांवरून कर. बिगारी माणसाच्या अंगदुखीबद्दल कोणी विचारत नाही बघ.

आणि दारू सोडायला तयार झाला तर एक महत्त्वाचं. 'आजपासून बंद' अशी शपथ त्याला घ्यायला लावू नका, देवळात नेऊन तर नाहीच. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला की पहिल्या दोन-तीन दिवसात हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, 14416 या टेली मानसच्या नंबरवर मराठीत बोलून फुकट सल्ला मिळतो. पुण्यात तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिल आणि अनिता अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं, तिथे घरच्यांसोबतही काम करतात. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगांना पैसे पडत नाहीत, घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या असतात. आईला तिथे एकदा घेऊन जा, नवरा नाही आला तरी. पण तिला असंही वाटू देऊ नको की दारू सुटली की मारणं आपोआप थांबेल. प्यायल्याशिवाय मारणारे पण असतात आणि पिऊन कधी हात न उचलणारे पण, दोन्ही गोष्टींवर वेगवेगळं काम करावं लागतं.

थोरलीशी तुझं नातं चांगलं दिसतंय. कधीतरी ती म्हणेल, 'ताई एक सांगते पण कोणाला सांगू नका.' तिथे 'नाही सांगणार' म्हणू नको. 'तू सांग, पण तुला कोणी त्रास देत असेल तर मला मदत मागावी लागेल, कोणाला सांगायचं ते आपण दोघी ठरवू' असं म्हण. तरीही बहुतेक मुली सांगतात. आणि लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर तिथे आईची परवानगी, मॅडमचं मत, घराची अब्रू याला जागा नाही, पॉक्सो कायद्याने ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच असतं, कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. पण तेव्हाही पोरीला एकटं सोडू नको. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, वर्दी न घालता घ्यायचा असतो, हे तुला माहीत असलं पाहिजे म्हणजे चौकीत तू ठामपणे मागू शकशील.

जेवणाचं लिहिलंस म्हणून. चहा नक्की घे, नाही म्हणालीस की ती बाई स्वतःला कमी समजते. जेवण रोज नको. तिच्या डब्यात किती आहे ते तुला माहीत नसतं आणि पोरं तुझ्याकडे बघत असतात. सणाला म्हणाली तर जेव, मनापासून जेव.

आणि आता तुझ्याबद्दल. तुझ्याकडे किती घरं आहेत ते तू लिहिलं नाहीस. अमेरिकेत टकोमा नावाच्या शहरात 1974 मध्ये 'होमबिल्डर्स' नावाने काम सुरू झालं, मुलांना घरातून काढायची वेळ आलेल्या कुटुंबांसोबत त्यांच्याच घरी जाऊन, तिथे एका कार्यकर्त्याकडे एका वेळी साधारण दोनच कुटुंबं, चार ते सहा आठवडे, आणि अडीनडीला कधीही फोन करायची मुभा. आपल्याकडे तसं परवडत नाही हे मलाही कळतं, पण तीस-चाळीस घरं देऊन वर 'केस का बिघडली' असं तुला कोणी विचारत असेल तर हा फरक त्यांच्यासमोर ठेव. कुठल्या घरात धोका जास्त आहे ते मॅडमसोबत बसून ठरव, त्या घरांना जास्त वेळ, बाकीच्यांना कमी. महिन्यातून एकदा तरी अशी बैठक माग जिथे आकडे आणि फॉर्म यावर नाही, तुला काय जड जातंय त्यावर बोलणं होईल. एकटी जाताना कुठल्या गल्लीत, कुठल्या घरी, किती वाजेपर्यंत, हे ऑफिसात कोणाला तरी सांगून जा. नवरा प्यायलेला दिसला तर आत पाऊल टाकू नको, काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघ, धीट दिसण्यासाठी थांबू नको. झोपेचं असंच चालू राहिलं तर 14416 तुझ्यासाठी पण आहे.

समजा निरोप पाठवूनही ती भेटली नाही. मग दर आठवड्याला ठरलेल्या एकाच दिवशी, एकाच वेळी त्या गल्लीत जा, दार वाजवायचं नाही, अंगणवाडीत किंवा बोअरिंगपाशी थोडं थांबायचं, चार बायांशी बोलायचं, जायचं. तिला ते कळतं. मधल्या काळात अंगणवाडीच्या बाईंकडून बाळाचं वजन, भावाच्या शाळेतून त्याची हजेरी एवढं बघत राहा, आणि रात्री आरडाओरडा वाढलाय, पोरांना लागलंय असं कळलं तर वाट न बघता 112 किंवा 1098 लाव, आणि लावलास हे दुसऱ्या दिवशी जाऊन तिला तूच सांग. महिना-दोन महिने असं करूनही काही हललं नाही तर मग मॅडमसोबत बसून केस दुसरीला द्यायचं ठरवा, पण तेव्हाही नवीन ताईला घेऊन तू स्वतः जा, तिची ओळख करून दे, आणि रजिस्टर तिच्या हातात त्या आईच्या समोर दे.